नवी गाडी घरच्या घरी नवीसारखी कशी ठेवाल? आधी ते कोरडं फडकं बाजूला ठेवा!

तुमच्या घरात नुकतीच नवी गाडी आली आहे का? मग हे दृश्य तुमच्या ओळखीचं असेल. सकाळचा चहा झाला की घरातलं कुणीतरी जुनं बनियन हातात घेऊन खाली उतरतं. रात्रभर बसलेली धूळ फटाफट झटकली जाते, बॉनेटवर गोल गोल हात फिरतो. पाच मिनिटांत गाडी चकाचक! शेजारी म्हणतात, "गाडी कशी ठेवलीय बघा!"

आमच्याकडे हे काम बाबांचं होतं. माझा दादा चेन्नईजवळच्या ओरगडमला नोकरी करतो. गेल्या वर्षी दसऱ्याला त्याने पहिली गाडी घेतली, गडद निळ्या रंगाची. आई-बाबा तेव्हा साताऱ्याहून त्याच्याकडे राहायला गेले होते. बाबांची सगळी नोकरी एसटीत ड्रायव्हर म्हणून झाली. ड्युटीवर निघताना बसची काच स्वतः पुसायची सवय. मुलाची गाडी आल्यावर ती सवय पुन्हा जागी झाली. रोज सकाळी सहाला बाबा खाली, हातात सुती फडकं. सहा महिन्यांत एक दिवस चुकला नाही.

पाडव्याला दादाने गाडी उन्हात काढली आणि आमच्या लक्षात आलं. बॉनेटवर, दारांवर, डिकीवर, सगळीकडे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल चरे. सावलीत ते दिसत नव्हते. बाबा बराच वेळ बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "हे माझ्यामुळे झालं का रे?"

दादा "नाही हो" म्हणाला. पण खरं उत्तर "हो" असं होतं. म्हणूनच हा लेख. नवी गाडी बहुतेक वेळा दुर्लक्षामुळे खराब होत नाही, चुकीच्या पद्धतीने केलेल्या काळजीमुळे होते. आणि योग्य पद्धत महागही नाही, अवघडही नाही.

तुमच्या गाडीचा रंग किती जाड असतो?

ओरगडमला राहणाऱ्यांना गाड्यांचं अप्रूप नसतं. कांचीपुरम जिल्ह्यातलं हे गाव वंडलूर-वालाजाबाद आणि सिंगपेरुमाळ कोइल-श्रीपेरुंबुदूर या दोन रस्त्यांच्या चौकावर वसलं आहे. २०१० मध्ये इथे रेनॉ-निस्सानचा कारखाना सुरू झाला. २०१२ मध्ये भारतबेंझचे ट्रक आणि २०१३ मध्ये रॉयल एनफील्डच्या बुलेट इथून बाहेर पडू लागल्या. आपल्याकडे चाकण जसं, तसंच तिकडे ओरगडम. त्यामुळे दादाच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक मजल्यावर गाड्यांशी संबंधित काम करणारं कुणी ना कुणी आहे. खालच्या मजल्यावरच्या एका तमिळ काकांचं तर आयुष्य गाड्यांच्या रंगकामात गेलं आहे. बाबांना खरी गोष्ट त्यांनीच समजावली.

आपल्याला गाडीवर रंगाचा एकच थर दिसतो. प्रत्यक्षात ते बरेच थर असतात. कारखान्यात पत्र्याचा सांगाडा आधी रसायनांनी स्वच्छ करतात. मग तो अख्खा सांगाडा द्रवाच्या मोठ्या टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर चढवतात. त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक लेप. या लेपाला क्लिअर कोट म्हणतात. हे थर भट्टीत भाजून पक्के करतात. क्लिअर कोटची भट्टी साधारण १४० अंशांची असते.

आता आकडे बघा. या सगळ्या थरांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यात क्लिअर कोट जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्या लेपामुळे गाडी आरशासारखी चमकते, तो तुमच्या केसापेक्षाही पातळ आहे!

आणि धूळ? रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात. वाळूतलं मुख्य द्रव्य म्हणजे सिलिका, आणि ती काचेपेक्षाही कठीण असते. ओरगडमच्या रस्त्यांवर दिवसभर लॉऱ्या धावतात, सतत बांधकामं चालू असतात. पुणे-नाशिक रस्त्यावर राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नकोच. त्या धुळीवरून आपण कोरडं फडकं फिरवतो, तेव्हा फडक्याखाली वाळूचे शेकडो कण घासले जातात. काका बाबांना म्हणाले, "सर, तुम्ही धूळ पुसत नव्हता. तुम्ही रोज अगदी बारीक पॉलिश पेपर मारत होता."

गाडीचा रंग नुसत्या धुळीने जात नाही, धुळीवर फिरवलेल्या फडक्याने जातो. इतकं एक वाक्य लक्षात राहिलं तरी अर्धं काम झालं.

मग रोज करायचं काय?

काहीच नाही! खरंच. गाडीवर धूळ दिसली तर दिसू द्या. पुढची-मागची काच, आरसे, दिवे आणि मागचा कॅमेरा मात्र रोज स्वच्छ हवेत, कारण तो सुरक्षेचा प्रश्न आहे. तेही आधी पाणी फवारून, मग ओल्या फडक्याने. कोरड्या काचेवर वायपर चालवू नका. रबराखालच्या वाळूने काचेवरही रेघा उठतात.

लांब दांड्याचा रंगीत दोऱ्यांचा झाडू अनेकांकडे असतो. तोही धूळ ओढतच नेतो. अगदी हलक्या, ताज्या धुळीवर एखाद्या वेळी ठीक आहे. मातीचा थर असेल तर हात लावू नका.

आठवड्यातून एकदा अंघोळ: दोन बादल्यांची पद्धत

यासाठी लागणारं साहित्य काही शे रुपयांत जमतं:

• दोन बादल्या, आणि चाकांसाठी एक जुनी तिसरी
• कार शाम्पूची बाटली
• मायक्रोफायबरचा धुण्याचा हातमोजा
• मायक्रोफायबरची तीन-चार फडकी आणि एक मोठा टॉवेल
• हाताने दाब देऊन फवारा मारायचा छोटा पंप. बागेसाठी मिळतो तो चालेल, पण नवा हवा. कीटकनाशक मारलेला नको.

आता क्रम बघा.

१. सावली आणि वेळ. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर धुवा. बॉनेटला हात लावून पाहा. गरम असेल तर थांबा. तापलेल्या पत्र्यावर शाम्पू आणि पाणी लगेच वाळतं आणि डाग धरतं.

२. आधी नुसतं पाणी. टपापासून खालपर्यंत फवारा मारा. दोन-तीन मिनिटं थांबा आणि पुन्हा मारा. सुटी धूळ आणि वाळू हात न लावता निघून गेली पाहिजे. सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि आपण नेमकी हीच टाळतो.

३. चाकं आधी, वेगळ्या बादलीत. ब्रेकच्या पॅडची झीज होऊन जी काळी पूड उडते, ती चाकांवर बसते. तिच्यात धातूचे कण असतात. चाकांचं फडकं चुकूनही बॉनेटवर नेऊ नका. त्याला गाठ मारून ठेवा, म्हणजे घरात कुणाचाच गोंधळ होणार नाही.

४. एक बादली शाम्पूची, एक साध्या पाण्याची. हातमोजा शाम्पूत बुडवा, गाडीचा एक भाग धुवा. मग मोजा साध्या पाण्यात खळखळून धुवा आणि नंतरच पुन्हा शाम्पूत बुडवा. माती साध्या पाण्याच्या बादलीत राहते, शाम्पू स्वच्छ राहतो. एकाच बादलीने धुतलं की पहिल्या दाराची माती दुसऱ्या दारावर घासली जाते.

५. वरून खाली, सरळ रेषेत. आधी टप, मग काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग आणि शेवटी चाकांजवळचा खालचा भाग. गोल गोल घासू नका, जोर लावू नका. मोजाचं स्वतःचं वजन पुरेसं आहे.

६. प्रत्येक भाग लगेच खळखळवा. शाम्पू वाळू देऊ नका.

७. पुसताना घासू नका, टिपा. मोठा टॉवेल बॉनेटवर पसरा, वरून हलकेच थोपटा आणि अलगद ओढून घ्या. फडकं जमिनीवर पडलं तर ते त्या दिवसापुरतं बाद. झटकून पुन्हा वापरायचं नाही.

भांड्याचा साबण चालेल का, असं सगळेच विचारतात. एखाद्या वेळी वापरल्याने गाडीचं आभाळ कोसळत नाही. पण तो तेलकटपणा काढण्यासाठीच बनलेला असतो, त्यामुळे गाडीवरचं मेणही काढतो. दर आठवड्याला नको. कपड्यांची पावडर मात्र अजिबात नको. नीट न विरघळलेले कण ओरखडे काढू शकतात.

मायक्रोफायबरची फडकी घरच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकू नका. सुती कपड्यांची लव त्यांत अडकते. कपडे मऊ करणारं द्रावणही नको, त्याने त्यांची पाणी शोषायची ताकद कमी होते.

पाण्याचे पांढरे ठिपके कुठून येतात?

चेन्नईकडे, आणि आपल्याकडेही अनेक सोसायट्यांमध्ये, बोअरचं पाणी वापरलं जातं. हे पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. थेंब वाळतो, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. तुमच्या नळाच्या तोटीवर जो पांढरा थर दिसतो, तोच हा. उन्हात हे ठिपके क्लिअर कोटमध्ये रुततात.

इथे एक चूक अनेक जण चांगल्या हेतूने करतात. आरओ फिल्टरमधून वाया जाणारं पाणी बादलीत साठवायचं आणि त्याने गाडी धुवायची. पाणी वाचवण्याचा विचार अगदी बरोबर आहे. पण फिल्टरने अडवलेले क्षार त्याच पाण्यात असतात, म्हणजे ते नळाच्या पाण्यापेक्षाही जड. ते चाकांसाठी किंवा फरशीसाठी वापरा. फार तर पहिल्या फवाऱ्यासाठी. शेवटचा हात मात्र हलक्या पाण्याचा हवा.

हलकं पाणी घरातच मिळतं. पावसाचं पाणी हलकं असतं. पहिल्या सरीचं सोडून द्या, नंतरचं साठवा. तमिळनाडूत २००३ पासून इमारतींना पावसाचं पाणी जिरवणं-साठवणं सक्तीचं आहे, त्यामुळे दादाच्या बिल्डिंगमध्ये त्याची सोय आहेच. दुसरा स्रोत म्हणजे एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी. ते हवेतल्या बाष्पाचं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. गाळून घेतलं की शेवटच्या हातासाठी उत्तम. चेन्नईच्या दमट हवेत एका रात्रीत चांगलं पाणी जमतं. मुंबई-कोकणातही जमेल.

ठिपके पडलेच असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी सारख्या प्रमाणात घ्या. थंड पत्र्यावर ओल्या फडक्याने मिनिटभर टेकवा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा. आधी कोपऱ्यात लहानशा जागी करून पाहा.

पाणी जपून, कारण दिवस तसे आहेत

२०१९ च्या जूनमध्ये चेन्नईला पाणी देणारे चारही मोठे तलाव जवळजवळ कोरडे पडले होते. पूंडी, रेड हिल्स, चोळावरम आणि ओरगडमपासून फार दूर नसलेला चेंबरंबाक्कम. जुलैमध्ये जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. आपण हे २०१६ मध्ये पाहिलंच आहे. तेव्हा मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली होती. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूत तर पिण्याचं पाणी गाडी धुवायला वापरलं तर ५,००० रुपये दंड ठेवला होता.

म्हणून पाइप सोडून गाडी धुवायची सवय मोडूया. वरची बादल्यांची पद्धत नीट वापरली तर छोट्या गाडीला तीन-चार बादल्या पुरतात. टंचाईच्या दिवसांत फवारा मारून फक्त काचा आणि दिवे स्वच्छ करा, बाकी गाडी धुळकट राहू द्या. धुळकट गाडी नंतर धुता येते. घाईत कोरडी पुसलेली गाडी दुरुस्त करणं अवघड असतं.

पक्ष्यांची विष्ठा: इथे मात्र थांबायचं नाही

धुळीला आठवडा द्या, पण पक्ष्यांच्या विष्ठेला एक दिवसही देऊ नका. उन्हाने क्लिअर कोट तापतो आणि किंचित मऊ होतो. वर विष्ठा वाळत जाते, संध्याकाळी कोट थंड होऊन तिच्याभोवती आकसतो आणि कायमचा ठसा उमटतो. चेन्नईच्या उन्हात हे फार लवकर होतं, विदर्भ-मराठवाड्यातही तेच.

नखाने किंवा कागदाने खरवडू नका. ओला टिश्यू त्यावर पाच-दहा मिनिटं ठेवा. मऊ झालं की अलगद उचला आणि पाण्याने धुवा. हायवेवर बॉनेटला चिकटलेले किडे आणि झाडाचा चिकट रस यांनाही हाच उपाय. डिकीत पाण्याची फवारा-बाटली आणि एक स्वच्छ फडकं कायम ठेवा.

दसऱ्याची पूजा आणि हळदीचे डाग

तमिळनाडूत दसऱ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, आयुधपूजा असते. ओरगडमला त्या दिवशी सायकलपासून लॉरीपर्यंत सगळ्यांना चंदन-कुंकू लागतं. चाकांखाली लिंबं ठेवतात, दारात कोहळा फोडतात. आपल्याकडे स्वस्तिक, हळद-कुंकू, नारळ आणि झेंडूची माळ. दादाच्या गाडीला दोन्हीकडची पूजा मिळाली! आईने स्वस्तिक काढलं, शेजारच्या अक्कांनी चंदन लावलं.

पूजा हवीच. फक्त चार गोष्टी पाळा. स्वस्तिक पत्र्यावर काढण्याऐवजी पुढच्या काचेच्या कोपऱ्यात काढा, काच सहज धुता येते. पत्र्यावर चंदन किंवा कुंकू लावलंच तर त्याच संध्याकाळी पाणी सोडून काढा, वाळल्यावर घासू नका. माळ तारेने नको, दोऱ्याने बांधा आणि कोमेजायच्या आत काढा. नारळ गाडीपासून दोन हात लांब फोडा. पांढऱ्या गाडीवर हळदीचा पिवळा डाग राहिला तर घासत बसू नका. हळदीचा रंग उन्हात आपोआप फिका होतो.

मेण, कोटिंग आणि काउंटरवरचा गोंधळ

गाडी घेताना कोटिंगची मोठी यादी समोर येते. घाबरू नका, फरक साधा आहे.

मेण म्हणजे वॅक्स: घरी हाताने लावता येतं, दोन-तीन महिने टिकतं. पाणी थेंबाथेंबाने घसरून जातं आणि घाण कमी चिकटते. कारखान्यातला रंग भट्टीत पक्का झालेला असतो, त्यामुळे नव्या गाडीला पहिल्या महिन्यातही लावता येतं. अपघातानंतर गॅरेजमध्ये नव्याने रंगवलेल्या भागाला मात्र रंगारी सांगेल तितके दिवस थांबा.

सिरॅमिक कोटिंग: जास्त टिकतं आणि धुणं सोपं करतं. पण तो अगदी पातळ थर असतो. खडी उडून लागली तर टवका उडायचा तो उडतोच. आणि धुळीवर कोरडं फडकं फिरवलं तर कोटिंगवरही चरे पडतात.

पारदर्शक फिल्म, म्हणजे पीपीएफ: ही जाड असते आणि बारीक खडीपासून खरंच संरक्षण देते, पण महाग आहे. बजेट नसेल तर अजिबात वाईट वाटून घेऊ नका. नीट धुणं आणि दोन-तीन महिन्यांनी मेण, एवढ्यावर गाडी अनेक वर्षं छान दिसते.

चरे पडलेच असतील तर?

चऱ्यावरून अलगद नख फिरवा. नख अडकलं नाही तर चरा बहुधा फक्त क्लिअर कोटमध्ये आहे. पॉलिशने तो जातो, पण कसा? आजूबाजूचा लेप घासून खाली आणूनच. प्रत्येक पॉलिशमध्ये थोडा क्लिअर कोट कायमचा कमी होतो, आणि मुळात तो आहेच केसाहून पातळ. म्हणून दर सर्व्हिसिंगला "पॉलिश पण करून द्या" असं म्हणू नका. काही वर्षांतून एखाद्या वेळी, चांगल्या कारागिराकडून करा. नख अडकलं तर चरा खोल आहे. गाडीच्या रंगाचा क्रमांक बहुतेक गाड्यांच्या दाराच्या चौकटीवरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. त्या क्रमांकाचा टच-अप रंग लावून घ्या, नाहीतर पत्रा गंजेल.

आतली स्वच्छता, आणि सुरक्षाही

सीटवरचं प्लास्टिक आधी काढा! "खराब होईल" म्हणून अनेक जण ते महिनोन्‌महिने ठेवतात. त्याखाली घाम आणि ओल अडकते, वास येतो, बुरशीही धरते.

सीट कव्हर घेताना नीट विचारा. अनेक गाड्यांत बाजूच्या एअरबॅग सीटमध्येच असतात. साधं जाड कव्हर त्यांना वेळेवर उघडू देणार नाही. गाडीच्या पुस्तकात कव्हरबद्दल काय लिहिलंय ते वाचा, त्यानुसारच घ्या.

डॅशबोर्डला खोबरेल तेल किंवा चकचकीत पॉलिश नको. त्यावर धूळ चिकटते आणि उन्हात काचेवर चमक पडून गाडी चालवताना त्रास होतो. ओलसर मायक्रोफायबर पुरेसं आहे. स्क्रीनवर थेट काही फवारू नका, फडकं ओलसर करून पुसा. हात धुवायचं सॅनिटायझरही डॅशबोर्डवर नको.

मॅट बाहेर काढून झटका आणि पावसाळ्यात पूर्ण वाळवूनच परत ठेवा. चेन्नईकडे खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, आपल्याकडे जून ते सप्टेंबर, पण ओल्या मॅटचा वास दोन्हीकडे सारखाच! इंजिनवर पाइपने पाणी मारू नका. इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगला लावलेली असताना धुवू नका.

आणि कव्हर? स्वच्छ, कोरड्या गाडीवरच घाला. धुळीच्या गाडीवर कव्हर घातलं तर वाऱ्याने ते हलत राहतं आणि रात्रभर घासतं.

गाडी पुसणाऱ्या दादांशी बोला

सोसायटीत रोज सकाळी गाड्या पुसणारे दादा असतात. एक बादली, एक फडकं आणि वीस गाड्या. दहाव्या गाडीपर्यंत त्या बादलीतलं पाणी कसं झालेलं असेल? यात त्यांचा दोष नाही. "गाडी रोज पुसलेली दिसली पाहिजे" हा हट्ट आपला असतो. त्यांना सांगा, "रोज नको, आठवड्यातून दोनदा नीट धुवा, पैसे तेवढेच देईन." आपल्या गाडीची दोन फडकी आणि मोजा त्यांच्याकडे द्या. बहुतेक जण आनंदाने तयार होतात.

फ्रिजवर लावायचं वेळापत्रक

• रोज: काचा, आरसे, दिवे, कॅमेरा. विष्ठा दिसली तर लगेच.
• दर आठवड्याला: दोन बादल्यांची अंघोळ, मॅट झटकणं.
• दर महिन्याला: आतून व्हॅक्यूम, दारांच्या कडा आणि रबर ओल्या फडक्याने पुसणं, टपावरची आणि काचेखालच्या खाचेतली पानं काढणं.
• दर दोन-तीन महिन्यांनी: मेण.
• कधीच नाही: कोरडं फडकं.

आणि बाबा?

काकांनी त्या चऱ्यांना पॉलिश करू नका असंच सांगितलं. "इतक्या लवकर लेप कमी करू नका. एवढे चरे असू द्या, नवे पडू देऊ नका." त्यामुळे गाडीवर ते अजूनही आहेत. दादा म्हणतो की आता त्याला ते दिसतही नाहीत.

बाबांनी मात्र आठवडाभर गाडीला हात लावला नाही. मग एका रविवारी दादाच त्यांना बाजारात घेऊन गेला. दोन निळ्या बादल्या, हातमोजा आणि फवाऱ्याचा पंप घेतला. आता दर रविवारी सकाळी ओरगडमच्या त्या पार्किंगमध्ये बाबा आणि काका दोघं मिळून दोन्ही घरांच्या गाड्या धुतात. एकाला मराठी येतं, दुसऱ्याला तमिळ, आणि दोघांचं हिंदी सारखंच मोडकं. बादल्या कुठे ठेवायच्या यावरून वादही होतो म्हणे. मागच्या व्हिडिओ कॉलवर बाबांनी मला पहिल्यांदा बॉनेट दाखवलं, गाठ मारलेलं चाकांचं फडकं दाखवलं आणि मग विचारलं, "तुझी स्कूटर कशाने पुसतेस गं?"

मी काय उत्तर दिलं असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल. या रविवारी तुमच्याकडेही बघा. गाडी पुसायला उतरणाऱ्या माणसाच्या हातात काय आहे? कोरडं फडकं असेल तर रागावू नका. त्यांच्या हातात एक बादली द्या आणि दुसरी तुम्ही उचला.